गच्चीवरून सूर्याचे फोटो : ठाणे-नवी मुंबईच्या हवेत सौरडाग रेखीव कसे टिपायचे

दुर्बीण चांगली, कॅमेरा चांगला, फिल्टरही नवा. तरी फोटोत सौरडाग ओल्या कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखा पसरलेला दिसतो. मग कॅमेरा बदलायचा विचार सुरू होतो. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो. दुर्बीण जिथे लावली ती जागा, जेव्हा लावली ती वेळ आणि घाईत केलेला फोकस, या तीन ठिकाणी फोटो हातचा जातो. म्हणून या लेखात कॅमेऱ्याची सेटिंग बरीच उशिरा येतात. आधी डोळे, मग हवा, मग फोकस आणि त्यानंतर बाकी सगळं.

लेखातला मुख्य भाग पांढऱ्या उजेडातल्या फोटोंचा आहे. सौरडाग, कडेजवळच्या फॅक्युली म्हणजे उजळ चट्टे, आणि हवा साथ देईल तेव्हा दीप्तिगोलावरची (सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरची) दाणेदार वीण त्यात येते. उदाहरणासाठी ८० मिमी व्यासाची, ६०० मिमी फोकल लांबीची भिंगाची दुर्बीण आणि २.४ मायक्रॉन पिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा धरला आहे. डीएसएलआर आणि एच-अल्फावाल्यांसाठी (हायड्रोजनच्या लाल उजेडात सूर्य टिपणाऱ्यांसाठी) काय बदलतं, ते त्या त्या जागी येईल.

टप्पा १ : फिल्टर, आणि तो पुढेच

फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर बसतो, आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) टोकाला नाही. जुन्या छोट्या दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये फिरवून बसवायची काळी काच येत असे. ती थेट फोकसजवळच्या उष्णतेत बसते आणि कधी तडकेल याचा नेम नसतो. घरात अशी काच असेल तर फोडून टाका, म्हणजे उद्या दुसरं कोणी ती वापरणार नाही.

सोलर फिल्म दोन प्रकारची मिळते. ५.० घनतेची फिल्म प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडते आणि ती डोळ्यांनी पाहायलाही चालते. ३.८ घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते आणि पहिलीपेक्षा सुमारे १६ पट जास्त प्रकाश सोडते. आमचा सल्ला सरळ आहे : सोसायटीच्या गच्चीवर ५.०च वापरा. दुर्बीण दिसली की शेजारची मुलं येतात, आणि कॅमेरा काढून कोणी आयपीस लावला तर ३.८मधून पाहणारा डोळा धोक्यात येतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. इजा होते त्या क्षणी काहीच जाणवत नाही.

फिल्टरची चौकट घरी करता येते. दुर्बिणीच्या तोंडाचा बाहेरचा घेर कागदाच्या पट्टीने मोजा. जाड पुठ्ठ्याची किंवा फोमबोर्डची ५ ते ६ सेंमी रुंद पट्टी त्याभोवती गुंडाळून नळकांडं करा आणि आतून फेल्टचा पातळ थर लावा, म्हणजे ते घट्ट बसेल. दोन सारख्या गोल चकत्या कापा. एका चकतीला दुहेरी टेप लावा, टेबलावर मऊ टिश्यू पेपर अंथरून त्यावर फिल्म पसरा आणि चकती वरून अलगद टेकवा. दुसरी चकती मागून लावली की फिल्म दोघींच्या मधे बसते. फिल्म ताणू नका. थोड्या सुरकुत्यांनी चित्र बिघडत नाही. ढोलकीच्या कातड्यासारखी ताणलेली फिल्म मात्र चित्र हमखास बिघडवते. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात पुठ्ठा मऊ पडतो आणि टेप सुटतो, म्हणून फोमबोर्ड बरा. चौकट सिलिका जेलच्या पुडीसह झाकणबंद डब्यात ठेवा.

*तपासणी, दर वेळी :* अंधाऱ्या खोलीत फिल्टर मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून हळूहळू सरकवा, म्हणजे फिल्मचा प्रत्येक भाग टॉर्चसमोरून जाईल. कुठेही सुईच्या टोकाएवढा उजेड चमकला तर फिल्म बाद.

*सावधान :* एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, फोटोग्राफीचे साधे एनडी फिल्टर यांतलं काहीही दुर्बिणीला चालत नाही. काही गोष्टी उजेड कमी करतात, पण अवरक्त किरण तसेच आत सोडतात. ग्रहणाचा चष्मा लावून उघड्या दुर्बिणीत पाहणं तर सगळ्यात घातक. एकवटलेला प्रकाश चष्मा जाळून डोळ्यात पोहोचतो.

हर्शेल वेजने (बहुतेक प्रकाश बाजूला टाकणाऱ्या प्रिझमने) फिल्मपेक्षा रेखीव चित्र मिळतं, पण तो फक्त भिंगाच्या दुर्बिणीला लावायचा. आरशाच्या दुर्बिणीला तो चालत नाही. तिच्या तोंडावर पूर्ण व्यासाची फिल्मच हवी.

टप्पा २ : पाच मिनिटांचं गणित

सूर्याचं चित्र सेन्सरवर किती मोठं पडेल हे काढायला फोकल लांबीला १०८ने भागा. ६०० मिमीला साधारण ५.६ मिमी येतात. २.४ मायक्रॉनचे ३०९६ × २०८० पिक्सेल असलेला सेन्सर ७.४ × ५ मिमीचा असतो. म्हणजे पूर्ण बिंब त्यात मावत नाही, वर-खाली कापलं जातं. पूर्ण बिंब एका फ्रेममध्ये हवं असेल तर ४५० मिमीच्या आसपासची दुर्बीण घ्या. डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर जवळपास १५ मिमी उंच असतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

दुसरं गणित बारकाव्याचं. पिक्सेलच्या मायक्रॉनला ४ने गुणा. जो आकडा येईल, तेवढा एफ-रेशो (फोकल लांबी भागिले व्यास) पुरेसा. २.४ × ४ म्हणजे साधारण एफ/१०. आपली दुर्बीण एफ/७.५ आहे, म्हणजे चित्र मोठं करणारं बार्लो भिंग लावलंच तर १.३ पटीच्या आसपासचं. पाच पटीचा बार्लो लावून मोठा दिसणारा डाग फक्त मोठा होतो, त्यात नवं काही दिसत नाही. ८० मिमीची दुर्बीण सुमारे १.५ विकलांपर्यंतचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वेगळं दाखवते. सूर्यावर एक विकला म्हणजे साधारण ७२५ किमी. दीप्तिगोलावरचे दाणे हजार ते दीड हजार किलोमीटरचे असतात. म्हणून या दुर्बिणीत वीण दिसते पण एकेक दाणा सुटा होत नाही. तो तसा दिसत नाही म्हणून फोकस चुकला असं समजू नका.

टप्पा ३ : जागा आणि वेळ

हा टप्पा वगळला तर पुढचं सगळं वाया जातं.

गच्चीचा स्लॅब आदल्या दिवशीची उष्णता रात्रभर सोडत असतो आणि सूर्य वर आला की पुन्हा तापायला लागतो. तापलेली हवा लहरत वर चढते आणि त्या लहरींतून बघितलेला सौरडाग थरथरतो. म्हणून फोटोसाठी वेळेची खिडकी फार लहान असते : सूर्य पुरेसा वर आलाय आणि स्लॅब अजून तापलेला नाही, एवढीच. सूर्य ३० अंश वर यायला ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यात सव्वाआठ-साडेआठ होतात, तर डिसेंबरच्या शेवटी पावणेदहा. त्याआधी सूर्य फार जाड हवेतून दिसतो. त्यानंतर तासाभराने, फार तर दीड तासाने, गच्ची तापून हवा लहरू लागते. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो म्हणून फोटो चांगला येईल हा समज अगदी रुजलेला आहे. प्रत्यक्षात ती दिवसातली सगळ्यात वाईट वेळ.

जागेचं असं बघा. ३० अंशांवरच्या सूर्याकडे जाणारी नजरेची रेषा अर्ध्या किलोमीटरवर सुमारे २९० मीटर उंच गेलेली असते. म्हणजे पलीकडचा डोंगर किंवा शहर नाही, इमारतीसमोरचे पहिले काहीशे मीटर महत्त्वाचे. कोपरी, बाळकुम, कोलशेतकडच्या ज्या इमारतींच्या पूर्वेला लगेच खाडी आणि खारफुटी आहे, त्यांचं नशीब मोठं. पाणी हळू तापतं आणि त्यावरची हवा शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याच कारणाने. नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी खाडी पश्चिमेला पडते आणि सकाळी नजर तुर्भे, महापे, रबाळेच्या पत्र्यांवरून जाते. तिथे सकाळची खिडकी आणखी लहान. पाम बीच रोडकडच्या पश्चिममुखी गच्चीवरून दुपारी उशिरा, सूर्य खाडीवर ३०-३५ अंशांपर्यंत उतरल्यावर, एकदा प्रयत्न जरूर करून पाहा.

गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड टाकली असेल तर तिच्या पूर्वेला उभे राहा, पश्चिमेला नको. नाहीतर नजर तापल्या पत्र्यावरून जाते. एसीची बाहेरची युनिटं आणि पाण्याच्या काळ्या टाक्याही मधे नकोत. पूर्वेच्या कठड्याला चिकटून उभं राहू नका. सकाळचं ऊन त्या भिंतीवर पडतं आणि गरम हवा भिंतीलगतच वर चढते. बाल्कनीतही हाच त्रास होतो. खाली सोसायटीत हिरवळीचा मोकळा तुकडा असेल आणि तिथून सूर्य दिसत असेल, तर तेराव्या मजल्यावरच्या गच्चीपेक्षा तो बरा.

साधा पण लागू पडणारा उपाय : दुर्बीण लावण्याआधी तासभर सूर्याकडच्या बाजूला दोन-चार बादल्या पाणी मारा, किंवा ओली गोणपाटं अंथरा. फरक लाइव्ह चित्रात दिसतो.

आकाश धुरकट आहे म्हणून सामान आवरू नका. हिवाळ्यात सकाळी धुरक्याने उजेड कमी होतो, पण तीच हवा पुष्कळदा एकदम स्थिर असते. पावसाने धुतलेलं निळंशार आकाश आणि जोराचा वारा, हे दिसायला छान आणि फोटोला वाईट.

टप्पा ४ : दुर्बीण उभी करणं

गच्चीची किल्ली वॉचमनकडून आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. सकाळी किल्लीत गेलेली वीस मिनिटं तुमच्या खिडकीतून वजा होतात.

१. विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) असेल तर अक्षांश १९ अंशांवर लावा. इतक्या कमी अक्षांशावर काउंटरवेटचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतो. तिपाई फिरवून उत्तरेला एकाऐवजी दोन पाय घ्या, म्हणजे वजन दोघांच्या मधून जाईल. मधला जोडखांब मिळाला तर आणखी चांगलं.

२. उत्तर दिशा. मुंबई-ठाण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण गच्चीतलं लोखंड, लिफ्टची मोटर आणि मोबाइल टॉवर होकायंत्राला भलतीकडे नेतात. एकदाच कष्ट घ्या : ओळंब्याची सावली स्थानिक मध्यान्हीला जिथे पडते तिथे खडूने रेघ मारा आणि नंतर ती रंगवा. ठाण्यात ही वेळ सरासरी १२:३८ आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२, तर फेब्रुवारीच्या मध्याआधी १२:५२. रेघ डिसेंबर-जानेवारीत आखा, तेव्हा सावली लांब पडते. मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात तर ती दक्षिणेकडे पडते.

३. ट्रॅकिंगचा वेग ‘सोलर’वर ठेवा.

ट्रॅकिंग नसेल तरी अडत नाही. सूर्य सेकंदाला १५ विकला सरकतो, म्हणजे १/५०० सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तो हललेला कळतही नाही. बिंब फ्रेमच्या एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाकडे वाहू द्या.

लॅपटॉपला सावली हवी. मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून आत काळा कागद चिकटवा, लॅपटॉप त्यात ठेवा आणि डोक्यावरून काळं कापड घ्या. हे अवघडल्यासारखं वाटतं, पण स्क्रीन उन्हात असेल तर फोकस करताच येत नाही.

टप्पा ५ : सूर्य दुर्बिणीत आणणं, याच क्रमाने

१. फाइंडर दुर्बीण (नेम धरायची बाजूची छोटी दुर्बीण) काढून ठेवा. नुसती टोपी नको, ती पडते.
२. दुर्बीण सूर्यापासून दूर वळवलेली असताना फिल्टर बसवा आणि तीन ठिकाणी चिकटपट्टी लावा. खाडीवरचा वारा फिल्टर सहज उडवतो.
३. हाताने फिल्टर हलवून पाहा.
४. आता दुर्बीण सूर्याकडे वळवा. जमिनीवर पडणारी नळीची सावली बघत राहा. सावली लहान होत होत गोल झाली की सूर्य समोर आला.
५. मगच कॅमेरा लावा.

*सावधान :* सूर्याकडे रोखलेली दुर्बीण एकटी सोडून चहाला जायचं नाही. जायचंच असेल तर ती खाली वळवून तोंडावर झाकण लावा.

टप्पा ६ : फोकस

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ताऱ्यांवर फोकस करायचा बाहतिनोव्ह मास्क इथे उपयोगाचा नाही, कारण सूर्य ठिपका नाही.

मोठा सौरडाग फ्रेमच्या मध्यावर घ्या आणि चित्र १०० टक्क्यांवर पाहा. प्रच्छाया म्हणजे डागाचा काळा गाभा, आणि उपच्छाया म्हणजे त्याभोवतीची करडी झालर. नजर काळ्या गाभ्यावर नको, झालरीवर ठेवा. फोकस चुकलेला असताना झालर धुराच्या कड्यासारखी सपाट दिसते. नॉब हळू फिरवत जा. एका जागी झालरीत बारीक रेषा क्षणभर उमटतात, गाभ्यापासून बाहेर निघालेल्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या, आणि हवा हलली की पुसल्या जातात. तिथे थांबू नका. फोकस पार ओलांडून पलीकडे जा, मग परत या. असं तीन-चार वेळा करा. प्रत्येक जागी दहा-पंधरा सेकंद थांबून सगळ्यात चांगला क्षण किती चांगला आहे ते पाहा. सरासरी चित्राकडे पाहून ठरवू नका, हवा फसवते.

फोकसरच्या नॉबला हात लागला की चित्र नाचतं. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा नॉबवर आडवा लावा. चिमट्याच्या टोकाला बोटाने नुसतं ढकललं की नॉब केसभर फिरतो आणि दुर्बीण हलत नाही. मोटरवाला फोकसर घेईपर्यंत हा चिमटा पुरेसा आहे.

डाग नसेल तर बिंबाची कड वापरा. कडेजवळच्या फॅक्युली आणखी बऱ्या.

*तपासणी :* फोकसर लॉक केल्यावर पुन्हा पाहा, स्क्रू आवळताना फोकस सरकतो. नळी उन्हात तापून लांबते, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी फोकस परत करा. नळीवर पांढरं कापड गुंडाळलं तर हा त्रास कमी होतो.

टप्पा ७ : एक्स्पोजर आणि रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगला शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर, दोन्ही प्रोग्रॅम चालतात. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन (सेन्सरच्या सिग्नलची आपोआप होणारी वाढ) बंद करा. एक्स्पोजर आधी ठरवा : १ ते ३ मिलिसेकंद, फार तर ५. हवेची हालचाल गोठवायची तर एवढंच हवं. मग गेन वाढवून हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ७० ते ८० टक्क्यांवर आणा. बरेच जण उलट करतात. गेन शून्यावर ठेवून एक्स्पोजर २० मिलिसेकंदांपर्यंत नेतात आणि प्रत्येक फ्रेम आपसूक पुसट होते. शेकडो फ्रेम एकत्र होताना गेनचा खरखरीतपणा निघून जातो. पुसटपणा निघत नाही.

५४० नॅनोमीटरचा हिरवा कंटिन्युअम फिल्टर कृष्णधवल कॅमेऱ्याला लावला तर झालरीचे धागे उठून दिसतात. रंगीत कॅमेऱ्याला तो लावल्यास फक्त हिरवे पिक्सेल कामाला येतात.

पूर्ण फ्रेम ८ बिटमध्ये ६.४ मेगाबाइटची होते. सेकंदाला ५० फ्रेम म्हणजे ३२० मेगाबाइट. साधी हार्ड डिस्क एवढं लिहू शकत नाही आणि फ्रेम गळतात. एसएसडी वापरा, किंवा डागांच्या गटाभोवती १२०० × ९००चा चौकोन निवडा. मिनिटभराच्या ३००० फ्रेम मग सव्वातीन गिगाबाइटच्या आसपास बसतात. फाइल एसईआर प्रकारची ठेवा.

एक लांबलचक व्हिडिओ घेण्यापेक्षा मिनिटा-मिनिटाचे आठ-दहा घ्या, आणि मधे मधे फोकस तपासा. हवा दहा मिनिटं वाईट असते आणि मग चाळीस सेकंद थांबते. ती चाळीस सेकंदं पकडायची आहेत. सूर्य स्वतःभोवती फिरतो त्याची काळजी इथे नको. विषुववृत्तावर सेकंदाला २ किमी म्हणजे मिनिटाला १२० किमी, आपल्या दुर्बिणीला ते दिसतही नाही.

शेवटी फ्लॅट, म्हणजे धूळ आणि असमान उजेड पुसायला घेतलेल्या कोऱ्या फ्रेम. कॅमेरा आणि फोकस न हलवता फिल्टरवर पांढरी अर्धपारदर्शक पिशवी एकपदरी ताणा, बिंबाचा मध्य समोर ठेवा, हिस्टोग्राम आधीएवढा येईपर्यंत एक्स्पोजर वाढवा आणि १०० फ्रेम घ्या. सेन्सरवरचे धुळीचे गोल यानेच जातात.

डीएसएलआर असेल तर : आयएसओ १००, १/५०० सेकंदापासून सुरुवात, रॉ फाइल, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फोकस, इलेक्ट्रॉनिक शटर आणि ५० ते १०० फोटो. पिप या मोफत प्रोग्रॅमने बिंब मध्यावर आणलं की पुढचं सगळं सारखंच.

*आवरताना :* दुर्बीण आधी सूर्यापासून वळवा, कॅमेरा काढा, झाकण लावा आणि फिल्टर सगळ्यात शेवटी काढा.

टप्पा ८ : स्टॅकिंग

स्टॅकिंग म्हणजे व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम एकत्र करणं. ऑटोस्टॅकर्ट या प्रोग्रॅममध्ये डागाच्या जवळच्या व्हिडिओला ‘सरफेस’ निवडा, पूर्ण बिंब काळ्या आकाशासकट असेल तर ‘प्लॅनेट’. सरफेसमध्ये जुळवणीचा चौकोन सगळ्यात ठळक डागावर ठेवा. तो कोऱ्या भागावर राहिला तर फ्रेम भरकटतात आणि चित्र दुहेरी होतं. विश्लेषणानंतर गुणवत्तेचा आलेख येतो. आपल्या हवेत वरच्या १० टक्के फ्रेम बहुतेकदा पुरतात. ५० टक्के घेतल्या की चांगल्या फ्रेममध्ये वाईट मिसळतात. जुळवणीचे बिंदू ६० ते १०० पिक्सेलच्या आकाराचे ठेवा. हवा फार हलत असताना लहान बिंदू ठेवले तर दाण्यांची खोटी जाळी तयार होतात. ड्रिझल (चित्र मोठं करणारा पर्याय) नको. प्रोग्रॅमने आपणहून शार्प केलेली प्रतही वापरू नका, साधी १६ बिटची टिफ घ्या.

टप्पा ९ : शार्पनिंग, आणि कुठे थांबायचं

इम्पपीजी मोफत आहे आणि सूर्यासाठीच उत्तम. त्यातल्या लूसी-रिचर्डसन या शार्पनिंगच्या पद्धतीला सिग्मा १.२पासून सुरू करा, ३० ते ५० फेऱ्या द्या आणि सिग्मा ०.१ने वाढवत जा. प्रत्येक वेळी डागाच्या काठाकडे पाहा. काळ्या गाभ्याभोवती पांढरी वळी उठली, बिंबाच्या कडेला दुसरी कड दिसू लागली किंवा पृष्ठभागावर वळवळते किडे पसरले, की मागे या. ही तीन लक्षणं दिसतात तिथे सूर्य संपतो आणि गणित सुरू होतं.

रंग देऊ नका असं आमचं मत आहे. पांढऱ्या उजेडातला सूर्य करडाच सुंदर दिसतो, आणि नारिंगी छटेखाली झालरीचे धागे हरवतात.

टप्पा १० : एच-अल्फा असेल तर

६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेत वर्णगोल (दीप्तिगोलाच्या वरचा थर) दिसतो : कडेवरच्या ज्वाला, बिंबावरचे लांब काळे तंतू, सक्रिय भागांचे उजळ पट्टे. वरचे टप्पे तसेच राहतात. बदलतं ते एवढंच :

फिल्टर आधी ट्यून करा, मग फोकस करा, मग पुन्हा ट्यून करा. तंतू सगळ्यात काळे दिसतात तिथे थांबा. बिंब आणि कडेवरच्या ज्वाला यांना एकच एक्स्पोजर पुरत नाही. बिंबासाठी एक व्हिडिओ घ्या, ज्वालांसाठी बिंब पांढरं फटक होऊ देऊन दुसरा. वर्णगोल झपाट्याने बदलतो, म्हणून प्रत्येक व्हिडिओ ३० ते ६० सेकंदांतच संपवा. चित्रात इंद्रधनुष्यासारखे वाकलेले पट्टे दिसले तर ते न्यूटनची वलयं आहेत. कॅमेरा किंचित तिरका धरणारा टिल्ट अडॅप्टर लावा आणि फ्लॅट घ्याच. इथे ८ऐवजी १२ किंवा १६ बिट वापरा.

टप्पा ११ : दिशा, नोंद, पडताळणी

ट्रॅकिंग बंद केलं की सूर्य ज्या बाजूला वाहतो ती पश्चिम. कॅमेरा असा फिरवा की डाग फ्रेमच्या आडव्या कडेला समांतर वाहील. उत्तर वर आणि पूर्व डावीकडे अशी मांडणी ठेवा. डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) वापरला असेल तर चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, ते आधी सुलटं करा.

मग त्याच दिवसाचं, शक्यतो त्याच तासाचं, नासाच्या एसडीओ उपग्रहाचं दृश्य-प्रकाशातलं चित्र उघडा. एच-अल्फासाठी गाँग या सौर वेधशाळांच्या जाळ्याची चित्रं घ्या, त्याचं एक केंद्र उदयपूरलाच आहे. एसडीओच्या चित्रात सूर्याचा स्वतःचा उत्तर ध्रुव वर असतो, तुमच्या चित्रात आकाशाची उत्तर. हा फरक जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांच्या सुमारास जवळपास शून्य असतो, तर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात २६ अंशांपर्यंत जातो. डाग जुळत नाहीत असं वाटलं तर आधी चित्र तेवढं फिरवून पाहा. तुमच्या फोटोत आहे आणि तिथे नाही असा ठिपका म्हणजे धूळ. तुमच्या झालरीत आहे आणि तिथे नाही असा धागा शार्पनिंगने आणलेला आहे, परत टप्पा ९वर जा.

फाइलच्या नावात तारीख आणि जागतिक वेळ लिहा. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा : सकाळचे ९:१२ म्हणजे ०३:४२. सोबत दुर्बीण, फिल्टर, एक्स्पोजर, हवा कशी होती आणि गच्चीवर नेमके कुठे उभे होतात हेही लिहून ठेवा. डाग दिवसाला साधारण १३ अंश पश्चिमेकडे सरकतो. त्याच जागेवरून, त्याच वेळेला सलग सहा-सात दिवस फोटो घेतलेत तर तोच गट पूर्वेच्या कडेजवळून मध्य ओलांडून पुढे जाताना, वाढताना किंवा विरघळताना एका ओळीत मांडता येतो.